गाडीचे डोळे आणि आपले डोळे



आज सुरुवातीलाच एक कोडं. दोन डोळे, पण पापणी नाही. दिवसा मिटतात, रात्री उघडतात. स्वतःला काहीच दिसत नाही, पण दुसऱ्याला वाट दाखवतात. सांगा पाहू कोण?

बरोब्बर! मोटारीचे दिवे.

तुमच्यातला एखादा चौकस दोस्त लगेच म्हणेल, “पण मोटारसायकलचा दिवा तर भर दुपारीही सुरू असतो!” शाब्बास! १ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशात नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू झालं की आपोआप लागतो. आता भर उन्हात दिव्याचं काय काम? वाट पाहण्यासाठी नाही, तर इतरांना ती दुचाकी पटकन दिसावी म्हणून. म्हणजे गाडीच्या दिव्याची कामं दोन. एक पाहणं आणि दुसरं दिसणं. हे दोन शब्द जरा लक्षात ठेवा. आजची सगळी गोष्ट या दोन शब्दांभोवतीच फिरणार आहे.

आमचं पवनार हे धाम नदीच्या काठचं गाव. विनोबांच्या आश्रमामुळे तुम्हाला नाव माहीत असेलच. नागपूर-वर्धा रस्ता गावाजवळून जातो. दिवस मावळला की त्या रस्त्यावर दिव्यांची रांग लागते. ट्रक, एसटी, मोटारी, मोटारसायकली. त्यातच सायकलवरून कामावरून परतणारी माणसं, शेतातून येणाऱ्या बाया, आणि कापसाचा हंगाम असला की भरलेल्या बंड्या. (आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात, बरं का!) एकाच रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरची गाडीही असते आणि ताशी ४ किलोमीटरचा बैलही असतो.

मध्यंतरी चौथीतला एक मुलगा वर्गात सांगत होता, “मॅडम, त्या गाडीचे डोळे वळले जी! गाडी वळायची होती, त्याच्या आधी लाइट वळला!” सगळा वर्ग खो खो हसला. कोणी म्हणालं, “गाडीले का मान असते का रे?” पण मुलांनो, त्या मुलाने अगदी खरं पाहिलं होतं. आजकालच्या काही गाड्यांचे दिवे खरोखरच वळतात.

वळणारे दिवे

नेहमीच्या गाडीचा दिवा नाकासमोर पाहतो. रस्ता डावीकडे वळला तरी दिवा आपला सरळ शेतात उजेड पाडत बसतो. वळणावर काय आहे ते गाडी वळल्यावरच कळतं. तेव्हा माणसांनी विचार केला, की स्टिअरिंग फिरवलं की दिवाही फिरला तर?

ही कल्पना काही आजची नाही. १९४८ साली अमेरिकेत टकर नावाची एक मोटार निघाली. तिला तीन दिवे होते, आणि मधला दिवा स्टिअरिंगबरोबर फिरायचा. त्या गाड्या तयार झाल्या जेमतेम ५१! पुढे १९६७ साली फ्रान्समधल्या सित्रोएन कंपनीच्या डी. एस. या गाडीला वळणारे दिवे मिळाले.

आता हे काम छोटा संगणक करतो. स्टिअरिंग किती फिरलं, गाडी किती वेगात आहे, याची माहिती त्याला क्षणाक्षणाला मिळते. मग दिव्यामागची इवलीशी मोटर दिवा डावीकडे किंवा उजवीकडे फिरवते. गाडीच्या चाकांजवळही सेन्सर असतात. गाडीचा मागचा भाग ओझ्याने दबला, की नाक वर होतं आणि दिवाही आभाळाकडे पाहू लागतो. ते ओळखून दिवा पुन्हा खाली आणायचा, हेही त्या यंत्राचंच काम. त्याहून पुढच्या गाड्यांत काचेमागे कॅमेरा असतो. समोरून दिवे आले की तो तेवढ्याच भागातला उजेड कमी करतो. बाकीचा रस्ता लख्ख राहतो. आहे की नाही हुशारी?

निळसर उजेडाचं गुपित

यातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये झेनॉनचे दिवे बसवले गेले. झेनॉन हा एक वायू आहे. हवेत तो अगदी नावापुरता असतो. १८९८ साली विल्यम रॅमसे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स या शास्त्रज्ञांनी तो शोधून काढला. झेनॉन या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘परका’ किंवा ‘पाहुणा’.

जुन्या हॅलोजन दिव्यात एक बारीक तार असते. वीज गेली की ती तापते आणि पिवळसर उजेड देते. झेनॉनच्या दिव्यात तारच नसते! काचेच्या इवल्याशा कुपीत झेनॉन वायू आणि काही क्षार भरलेले असतात. दोन टोकांमध्ये जोरदार ठिणगी पाडतात. विजेची ती ठिणगी पेटतीच राहते, आणि तिचा उजेड पडतो पांढरा, किंचित निळसर. ही ठिणगी सुरू करायला २० हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो. आपल्या घरातली वीज असते २३० व्होल्टची. म्हणून असल्या दिव्याला हात लावायचा नाही. ते जाणत्या कारागिराचं काम.

साधा हॅलोजन दिवा ५५ वॅटचा, झेनॉनचा ३५ वॅटचा. पण उजेड मात्र सुमारे दुप्पट! कमी विजेत जास्त उजेड. १९९१ साली बी. एम. डब्ल्यू. कंपनीने आपल्या मोठ्या गाडीला हे दिवे लावले आणि मग ते जगभर पसरले. आता नव्या गाड्यांत त्यांची जागा एलईडी घेत आहेत. तोही उजेड तसाच पांढराशुभ्र आणि झोंबणारा.

तुम्ही म्हणाल, “मॅडम, मग अडचण कुठे आहे? जास्त उजेड, वळणारे दिवे, सगळं चांगलंच की!”

चांगलं आहे, पण कोणासाठी? गाडीत बसलेल्यासाठी. त्याचं ‘पाहणं’ छान झालं. आता जरा रस्त्याच्या पलीकडे उभे राहू या.

समोरच्याचं काय?

अंधारात आपल्या डोळ्यातली बाहुली मोठी होते, म्हणजे डोळा दार सताड उघडून बसतो. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर अंधारात पाहणाऱ्या खास पेशी असतात. त्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. रात्री लाइट गेले की आधी काहीच दिसत नाही आणि मग हळूहळू खाट, माठ, दार दिसू लागतं, ते यामुळेच.

अशा सताड उघड्या डोळ्यात एकदम झगझगीत उजेड घुसला तर? डोळे दिपतात. उजेड निघून गेला तरी काही सेकंद समोर नुसता काळोख. म्हाताऱ्या माणसांना हा त्रास जास्त होतो, कारण मोतीबिंदू होऊ लागला की उजेड डोळ्यात विखुरतो. आजोबा म्हणतात ना, “गाडी आली का डोयासमोर नुसतं पांढरं पांढरं होते,” ते खोटं नाही.

आता थोडं गणित. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला किती मीटर? ६०,००० भागिले ३,६००. उत्तर आलं साधारण १६ मीटर ६७ सेंटिमीटर. चालकाचे डोळे ५ सेकंद दिपले, तर तेवढ्यात गाडी ८३ मीटर पुढे गेली. कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब असतं. अशी सहा मैदानं एकापुढे एक मांडा. तेवढं अंतर ती गाडी जवळजवळ डोळे मिटून गेली! त्या सहा मैदानांत एखादी बंडी असेल, एखादी सायकल असेल, नाहीतर शिकवणीहून घरी येणारे तुम्ही असाल.

आणखी एक घातकी प्रकार ऐका. दोन गाड्या समोरासमोर येत आहेत आणि त्यांच्या मधोमध एक माणूस रस्ता ओलांडतो आहे. आपल्याला वाटतं, दोन्हीकडून उजेड आहे, म्हणजे तो दुप्पट दिसेल. होतं उलटंच. दोन्ही चालकांचे डोळे समोरच्या दिव्याने दिपलेले असतात आणि मधला माणूस दोघांनाही दिसत नाही. भर उजेडात माणूस गायब!

हुशार दिवा कुठे चुकतो?

पहिली गोष्ट. खड्डा किंवा गतिरोधक आला की गाडीचं नाक वर उडतं आणि झपकन उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो. काही दिवे स्वतःला लगेच सावरतात, काही सावकाश. समोरच्याला वाटतं, हा मुद्दाम दिवे मारतोय. मग तोही चिडून मारतो. भांडण नसताना भांडण!

एक अंशाचा फरक किती असतो पाहा. कंपासपेटीतल्या कोनमापकावरची एक बारीक रेघ. दिवा तेवढाच वर उचलला, तर ५० मीटरवर उजेड सुमारे ८७ सेंटिमीटर वर चढतो. जो उजेड गुडघ्यावर पडायचा, तो थेट डोळ्यात!

दुसरी गोष्ट. कॅमेरा ओळखतो ते मुख्यतः दिव्यांना. समोर मोटार आली की तो उजेड कमी करतो. पण ज्या बंडीला दिवा नाही, ज्या सायकलला दिवा नाही, जी आजी पायी चालली आहे, त्यांना तो ओळखेलच असं नाही. मग सगळा उजेड त्यांच्या तोंडावर. ज्याच्याकडे दिवा नाही, त्यालाच जास्त त्रास.

तिसरी गोष्ट. चिखल-दगड लागून चाकाजवळचा सेन्सर वाकला, तर दिवा चुकीच्या जागी अडकून बसतो. गाडीत सूचनेचा दिवा लागतो, पण तो पाहून दुरुस्ती केली पाहिजे ना?

आणि चौथी, सगळ्यांत वाईट. मूळ गाडीचा दिवा हॅलोजनचा. कोणीतरी हौसेने त्यात नुसता झेनॉनचा किंवा एलईडीचा बल्ब आणून बसवतो. बल्बमागची चकचकीत वाटी तर जुन्या तारेच्या मापाची! ठिणगीचा आकार वेगळा, जागा वेगळी. मग उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी चारी दिशांना फाकतो. त्या दिव्याला वळणं येत नाही, झुकणं येत नाही, फक्त भडकणं येतं. युरोपात एवढ्या तेजाच्या दिव्यांना आपोआप खाली-वर होण्याची सोय आणि काच धुण्याचा फवारा सक्तीचा केला गेला. मळकी काचही उजेड फाकवते म्हणून.

परदेशातून काढून आणलेला दिवा बसवला तर आणखी एक घोटाळा. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, म्हणून आपल्याकडच्या दिव्याचा उजेड डाव्या कडेला जरा वर चढवलेला असतो. कडेचा पादचारी त्यात दिसतो. पण ज्या देशात उजवीकडून गाड्या चालतात, तिथल्या दिव्याचा उजेड उजवीकडे चढतो. आपल्या रस्त्यावर उजवीकडून कोण येतं? समोरचा!

नियम काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत. त्यात एक सुंदर माप दिलं आहे. दिव्यापासून ८ मीटर दूर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याचे डोळे दिपता कामा नयेत, असा दिवा खाली झुकलेला हवा.

दीड मीटर! जरा टेप घेऊन भिंतीवर खूण करा आणि तिच्याजवळ उभे राहा. तुमचे डोळे खुणेपर्यंत पोचतात का? चौथी-पाचवीतल्या बहुतेकांचे नाही पोचणार. म्हणजे दिवा जरा वर उचलला गेला, की उजेड आधी तुमच्या डोळ्यात जातो आणि मग मोठ्या माणसाच्या. गाडी चालवणाऱ्या प्रत्येक काका-मामाला हे माहीत असायला हवं. मोठ्यांना त्रास होत नाही, म्हणजे मुलांनाही होत नाही, असं नाही.

या त्रासावरचे जुने उपायही मोठे मजेदार आहेत. घरच्या मोठ्यांना विचारा. पूर्वी गाड्यांच्या दिव्यांवर काळा ठिपका किंवा वरच्या भागाला काळी पट्टी रंगवलेली असे. वर जाणारा उजेड तिथेच अडायचा. ट्रकच्या मागे रात्री डिपर वापरा, असं लिहिलेलं तुम्ही आजही वाचता. अप्पर म्हणजे लांबचा उजेड आणि डिपर म्हणजे खाली झुकलेला. समोरून कोणी आलं की डिपर. देवळात शिरताना आपण मान झुकवतो ना, तसं हे दिव्याचं मान झुकवणं.

आणि चौपदरी रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर कण्हेर, बोगनवेल का लावतात? शोभेसाठी तर आहेच, पण पलीकडच्या गाड्यांचा उजेड अडावा म्हणूनही. कण्हेरीला गुरं तोंड लावत नाहीत, पाणीही फार लागत नाही. तेव्हा त्या झुडपांच्या फांद्या उगाच मोडू नका. ती रात्री चालकांच्या डोळ्यांची पापणी असते.

आपण काय करायचं?

दिवे बनवणं आपल्या हातात नाही. पण ‘दिसणं’ आपल्या हातात आहे!

रात्री रस्त्याने जायचंच असेल तर मोठ्यांबरोबर जा. पांढरे किंवा फिके कपडे घाला. हातात टॉर्च असू द्या आणि तो पायाशी धरा, कोणाच्या तोंडावर नाही. पदपथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरची गाडी दिसेल असं चाला. उजेड आला की दिव्याकडे टक लावू नका. नजर खाली, कडेच्या मातीकडे न्या आणि थांबा. गाडी गेल्यावर मनात दहापर्यंत मोजा, मगच पाऊल टाका.

आता बंडीचं. रात्री बैलांचे डोळे चमकतात, हे तुम्ही पाहिलं असेल. त्यांच्या डोळ्यात मागच्या बाजूला आरशासारखा थर असतो. मांजराच्याही असतो, आपल्या नसतो. हेच पाहून इंग्लंडच्या पर्सी शॉ यांनी १९३४ साली रस्त्यात बसवायचे चमकणारे ‘मांजराचे डोळे’ तयार केले. पण बैलांचे डोळे पुढे असतात! मागून येणाऱ्या गाडीला दिसते ती बंडीची मागची बाजू. काळी, लाकडी, कापसाने भरलेली. म्हणून तिथे लाल रिफ्लेक्टरची पट्टी हवी. सायकलच्या दुकानात ती थोड्या पैशांत मिळते. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवता ना? त्याच दिवशी बंडीच्या मागे पट्टीही लावून टाका. सायकलचं मागचं मडगार्ड आणि दप्तराची पाठ, त्यांनाही लावा.

आता आठवी-नववीतल्या ताई-दादांसाठी. घरच्या गाडीच्या मागे पोती भरली, की नाक वर होतं. अनेक गाड्यांत स्टिअरिंगजवळ दिवा खाली करण्याची लहानशी चकती असते. तिच्यावर शून्य, एक, दोन असे आकडे असतात. ओझं जास्त तर आकडा जास्त. ही चकती कशासाठी असते, ते बाबांना विचारा. बऱ्याच घरांत ती कधी फिरवलेलीच नसते! थंडीत नदीवर धुकं असतं, तेव्हाही डिपरच बरा. लांबचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यात परत येतो.

आणि हो, डोळ्यांना अंधारात पाहायला ‘अ’ जीवनसत्त्व लागतं. पालेभाज्या, पपई, गाजर, शेवग्याचा पाला हे पानात टाकून देऊ नका.

करून पाहा

एक. रात्री अंगणात, मोठ्यांना बरोबर घेऊन मोटारसायकल भिंतीपासून ५ मीटरवर सरळ उभी करा. एका मोठ्या माणसाला तिच्यावर बसवा. दिव्याचा उजेड भिंतीवर जिथे संपतो, तिथे खडूने रेघ मारा. आता मागच्या सीटवर दुसऱ्या मोठ्या माणसाला बसवा. रेघेच्या वर उजेड किती सरकला, ते पट्टीने मोजा. हा प्रयोग रस्त्यावर करायचा नाही. दिव्यात डोकावायचं नाही.

दोन. खोली अंधारी करा. भिंतीवर मोठ्या अक्षरांत एक शब्द लिहून चिकटवा. खिडकीतून येणाऱ्या अंधुक उजेडात तो वाचता येतो का पाहा. मग त्या कागदाशेजारी साधा टॉर्च तुमच्याकडे तोंड करून ठेवा. तुम्ही तीन मीटरवर उभे राहा. आता शब्द वाचता येतो का? टॉर्च बंद करा आणि तो पुन्हा वाचता येईपर्यंत किती आकडे मोजावे लागतात, ते वहीत लिहा. हाच प्रयोग आजी-आजोबांबरोबर करा. दोन्ही आकड्यांत फरक दिसला, तर तो घरातल्या गाडी चालवणाऱ्यांना दाखवा.

१९५१ साली आमच्या पवनारहून विनोबा पायी दिल्लीला निघाले होते. तेव्हाही रस्ता चालणाऱ्याचा होता, आजही आहे. चांगला दिवा ओळखायची खूण साधी आहे. गाडीतल्याला वाट दिसते आणि वाटेवरच्याला गाडी दिसते, पण कोणाचेच डोळे दिपत नाहीत.

या आठवड्याचं कोडं

एक गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने येत आहे. समोरच्या दिव्याने चालकाचे डोळे ४ सेकंद दिपले. त्याच क्षणी ७० मीटर पुढे एक बंडी त्याच दिशेने चालली आहे, सेकंदाला १ मीटर वेगाने. चालकाने वेग कमी केला नाही, तर डोळे निवळायच्या आत गाडी बंडीपर्यंत पोचेल का? उत्तर गणित मांडून लिहा. आणि त्याखाली दोन वाक्यं लिहा. हे टाळायला चालकाने काय करावं आणि बंडीवाल्याने काय करावं? पत्राने जरूर कळवा. वाट पाहते.